सरांची टाच

जालिंदर शेंडगेची उजवी टाच माझ्या तळहातावर होती आणि मी ती दोन्ही बाजूंनी दाबत होते.

"आई गं!" तो टेबलावरून अर्धा उठला. "बाळ, हळू की जरा!"

"सॉरी, सर," मी म्हणाले आणि पुन्हा एकदा दाबली. खात्री पहिल्याच वेळी झाली होती. दुसऱ्यांदा दाबली ती माझ्या समाधानासाठी.

टाच दुखण्याचे मुख्य प्रकार दोन. तळपायाचा पडदा सुजला असेल तर सकाळी अंथरुणातून उठल्यावर पहिली चार पावलं जीव घेतात, मग चालता चालता दुखणं निवतं. टाचेच्या हाडाला बारीक चीर गेली असेल तर उलट. जेवढं पळाल तेवढं वाढत जातं आणि टाच दोन्ही बाजूंनी दाबली की धट्टाकट्टा माणूसही ओरडतो. सरांनी आल्या आल्याच सांगितलं होतं, "पळाया लागलो की वाढतंय बघ. तिसऱ्या किलोमीटरला डोळ्यांपुढं काजवे." म्हणजे चीर. उपाय सहा आठवडे पूर्ण विश्रांती. हे आमच्या वेदनातंत्र शाखेच्या पहिल्या वर्षाच्या पोरांनाही येतं.

"टाचदुखी आहे, सर. पन्नाशी उलटली की बऱ्याच जणांना होते," मी म्हणाले.

तो निवांत झाला. मग माझ्या तोंडाकडे निरखून बघायला लागला. "तू आपल्या रणझेपची ना गं? तोंडवळा वळखीचा वाटतोय."

"हो सर. ईश्वरी गलांडे. नऊ वर्षांपूर्वीची बॅच."

"गलांडे... हां! आप्पांची पोरगी! आप्पा बरे हायत का?"

"वारले. चार वर्षं झाली."

"अरेरे. देवमाणूस. मला लई मानायचे बघ."

मानायचे खरे. माझ्याहून जास्त मानायचे, आणि मला जे कधीच पचलं नाही ते हेच.

रणझेप करिअर अकॅडमी म्हणजे दहिवडीच्या बाहेर माळावर पत्र्याचे दोन शेड आणि एक धावपट्टी. पोलीस भरतीची तयारी. ड्रोन आले, चौकात गस्त घालणारी यंत्रं आली, तरी मुलींच्या भरतीतले आठशे मीटर काही सुटले नाहीत. मी तिथे तीन वर्षं होते. तीन गुरुपौर्णिमांना आम्ही रांगेने बसून सरांचे पाय परातीत धुतले. म्हणजे ही टाच मला नवी नव्हती.

पैंजण तेव्हा नुकतंच बाजारात आलं होतं. कंपनीचं नाव काहीतरी भारदस्त होतं, पण पोरींनी पहिल्या दिवसापासून पैंजणच म्हटलं. घोट्याभोवती बसणारा बोटभर रुंदीचा पट्टा. घोट्याच्या आतल्या हाडामागून एक मोठी नस तळपायाकडे जाते. तिच्यात जाड धागे असतात आणि बारीक धागे असतात. जाड धागे स्पर्श आणि तोल सांभाळतात, बारीक धागे दुखणं वर मेंदूकडे नेतात. पैंजण त्या नसेवर विजेची अतिशय वेगवान, मुंगीही न चावणारी थरथर सोडतं आणि फक्त बारीक धागे गप्प करतं. पाय आपला वाटतो, जमीन कळते, तोल जात नाही. फक्त दुखत नाही.

आता दुखणं ही काही देवाने चेष्टेने दिलेली वस्तू नाही. हाड थकलं की ते ओरडतं, आपण थांबतो, हाड वाचतं. म्हणून कंपनीने पैंजणात कुलूप ठेवलं होतं. बुटाच्या तळातली चकती प्रत्येक पावलाचा भार मोजते. भार हाडाच्या सोसण्यापलीकडे जायला लागला की जोडलेल्या टॅबवर लाल खूण येते, पैंजण आपोआप बंद होतं आणि दाबून ठेवलेलं दुखणं एकदम आत येतं. माणूस मटकन खाली बसतो. बसलाच पाहिजे.

भरतीच्या दोन महिने आधी माझं पैंजण रोज बंद पडायला लागलं. पावलाच्या वरच्या बाजूला, कमानीच्या माथ्यावर, एक नखाएवढी जागा दुखायची. मी सरांना सांगितलं. सरांनी सगळ्यांची पैंजणं पोत्यात भरून नेली आणि दोन दिवसांनी परत आणली. त्यानंतर कुणाचंच पैंजण बंद पडलं नाही. भरतीत मी आठशे मीटरला पहिली आले. पैंजण काढलं, उभी राहायला गेले आणि पडले. कमानीतलं हाड दोन तुकडे होऊन मेलं होतं. तीन ऑपरेशनं झाली. आज माझा उजवा घोटा वाकत नाही.

चौकशी आली तेव्हा सर म्हणाले की कुलूप पोरीने स्वतःच कुठूनतरी काढून आणलं. आप्पांनी मला काही विचारलं नाही. सरांपुढे हात जोडून म्हणाले, "पोरगी चुकली, सर. पदरात घ्या." मी कुबड्यांवर शेजारी उभी होते. ते जोडलेले हात मी नऊ वर्षं विसरले नाही.

पुढे मी पैंजणांचंच शिक्षण घेतलं. सरकारच्या वेदनातंत्र मंडळाचं लायसन्स काढलं, दहिवडीच्या बाजारपेठेत दवाखाना टाकला. लोक म्हणाले, गलांड्यांची पोर हिमतीची. हिंमत कसली, मला पाय कसे मोडतात ते शिकायचं होतं.

"मग सर, काय करायचं?" मी विचारलं.

"येत्या रविवारी अकॅडमीचा वर्धापनदिन. बिरोबाच्या घाटातनं धा किलोमीटर दौड. मी झेंडा घेऊन पुढं, पोरी माझ्या मागं. दरवर्षीचा रिवाज हाय, तुला ठावं हायच." त्याने आपलं पैंजण काढून टेबलावर ठेवलं. "ह्ये मर्दाचं बंद पडतंय तिसऱ्या किलोमीटरला. पोरींसमोर खाली बसलो तर काय अब्रू राहील? तू फक्त कुलूप काढ. एका दिवसापुरतं."

"नियमात बसत नाही, सर. हाडाची तपासणी लागते."

"बाळ, तू मला नियम सांगतीस?" तो हसला. "मागं मी विट्याच्या घड्याळवाल्याकडनं अख्ख्या बॅचची कुलपं काढून आणायचो, पोत्यात घालून. तुमच्याच वेळंला! आता कंपनीनं कडक केलंय, लायसनवालीच लागती, म्हणून तुझ्या दारात आलो."

हे तो गप्पा मारल्यासारखा बोलला. समोर कोण बसलंय, तिचा कुठला पाय वाकत नाही, याची त्याला आठवणही नव्हती. त्याला सगळं लपवून ठेवावं लागत असेल असं मी इतकी वर्षं समजत होते. तो तर चक्क विसरला होता.

एवढं झाल्यावर मी सूड शोधायला कुठे जाणार? तो स्वतःच्या पायांनी चालत आला होता आणि मागत होता तेच दिलं की झालं. चिरलेली टाच, दहा किलोमीटर, त्यात घाटाचा उतार. चीर आरपार जाणार आणि त्याला कळणारही नाही.

"द्या अंगठा, सर," मी म्हणाले.

टॅबवर पानं उलटत गेली. आधी त्याचा अंगठा, मग माझा. "हाड सुरक्षित" या चौकटीत मी खूण केली. एक पान माहितीचं होतं, त्यावर चार-पाच ओळी होत्या. त्या वाचायला चार सेकंद लागले असते. मी वाचल्या नाहीत. माझ्या डोळ्यांपुढे फक्त ती टाच होती.

जाताना त्याने माझ्या डोक्यावर हात ठेवला. "गुणाची गं पोर. आप्पांचं नाव राखलंस."

रविवारी पहाटे मी स्कूटर घेऊन घाटात गेले. उतार जिथे सगळ्यात तीव्र आहे त्या वळणावर कठड्याला टेकून उभी राहिले. पोरींच्या आया तिथे लिंबूपाण्याची पिंपं घेऊन बसल्या होत्या. एकीने मलाही ग्लास दिला. "तुमची कोण हाय पळणारी?" तिने विचारलं.

"सर आमचे," मी म्हणाले.

"माझी प्रांजल. हुबाल्यांची. सरांच्या मागंच असती, दुसऱ्या नंबराला." बाईच्या आवाजात केवढा अभिमान होता. माझ्याही मनात उत्सवच होता, लपवत कशाला बसू? मी टॅब उघडून सरांच्या टाचेचा भार बघत होते. तिसऱ्या किलोमीटरलाच खूण लाल झाली होती, आता सातवा चालू होता. कुलूप नाही म्हणून पैंजण आपलं मुकाट चालू. अजून पाच-सातशे पावलं, फार तर.

ते वळणावर आले. पुढे झेंडा घेतलेला जालिंदर, मागे दोन रांगांत पोरी. रणझेपमध्ये सरांच्या पुढे कुणी जायचं नाही आणि सर थांबल्याशिवाय कुणी थांबायचं नाही. मी खुशीत त्याची टाच बघत होते आणि तेवढ्यात नजर मागच्या पोरीच्या पायावर गेली.

तिचं उजवं पाऊल आत लोळत होतं. दुखणं गप्प करता येतं, पण स्नायू थकायचे ते थकतातच, आणि थकलेला पाय कमान सांभाळत नाही. प्रत्येक पावलाला कमान जमिनीला टेकत होती. तिच्या तोंडावर मात्र काही नव्हतं, ती हसत आईला हात दाखवत होती. एवढं लोळणारं पाऊल आणि पैंजण बंद पडत नाही? असं कसं होईल?

मी टॅबवर सरांचं पान खाली सरकवलं. ज्या ओळी वाचल्या नव्हत्या त्या तिथेच होत्या. जोडलेली पैंजणं: एक्केचाळीस.

ही सोय संघांसाठी असते. रोज सकाळी एकेका पट्ट्याची मांडणी करत बसायला नको म्हणून एक पट्टा म्होरक्या करायचा आणि बाकीचे त्याच्यामागे बांधायचे. म्होरक्याला जी मांडणी, तीच सगळ्यांना. आमच्या माणदेशात मेंढरं अशीच चालतात. सरांनी अख्खी बॅच स्वतःच्या पैंजणाला बांधली होती, कारण रणझेपचा कायदाच तो: सरांच्या पायाला जे चालतं ते पोरींच्या पायाला चाललंच पाहिजे. मी एका माणसाचं कुलूप काढलं नव्हतं. बेचाळीस माणसांचं काढलं होतं.

यादीत बहुतेक खुणा हिरव्या होत्या, काही पिवळ्या. प्रांजल हुबाले, लाल.

खाली एक चौकट होती. "कुलूप लावा." नव्याने कुलूप बसताना पट्टा आधी बंद होतो, म्हणजे एकदा बोट टेकवलं की बेचाळीस पैंजणं त्याच क्षणी बंद झाली असती, सगळ्या पोरी जागच्या जागी बसल्या असत्या आणि प्रांजलचं हाड वाचलं असतं. सरांचंही वाचलं असतं.

तिथे मी थांबले.

घाबरून हात चालला नाही असं सांगता आलं असतं. तसं नव्हतं. मी सरांच्या आकड्याकडे बघत थांबले. आता जाईल, या पावलाला जाईल, एवढंच मनात होतं. नऊ वर्षं वाट बघितली होती, आणखी थोडी. आधी त्याचं जाऊ दे, मग लगेच बोट टेकवते. किती वेळ थांबले ते नंतर मंडळाच्या नोंदीत निघालं. बावीस सेकंद.

प्रांजल पडली. ओरडली नाही. पडल्याची लाज वाटल्यासारखी हसली, हात टेकून उठली आणि पुन्हा पळायला लागली. उजवं पाऊल भलत्याच दिशेला वळलेलं होतं आणि ती त्याच्यावर तीन पावलं पळाली. तिच्या आईच्या हातातला ग्लास गळून पडला.

मी बोट टेकवलं.

प्रांजलचं किंचाळणं माझ्या त्या बोटाने सुरू झालं. मागोमाग सगळ्या रांगेतून आवाज आला. एक्केचाळीस पोरी डांबरावर बसून आपापले पाय धरून रडत होत्या, महिनोन्‌महिने पायांत साठलेलं त्यांना आज एकदम कळत होतं. सर झेंडा टाकून कठड्याला टेकले होते आणि टाच कुरवाळत आईला हाका मारत होते. त्यांच्या टाचेचा एक्स-रे संध्याकाळी काढला. चीर होती तेवढीच होती, केसभरही वाढली नव्हती.

तिसऱ्या दिवशी जालिंदर लंगडत दवाखान्यात आला. सोबत वकील. मंडळाची चौकशी लागली होती.

"बाळ, घाबरायचं न्हाय," तो म्हणाला. "वकील सायेब म्हणत्यात, दोघांनीबी यंत्रात बिघाड झाला म्हणायचं. तूबी सुटलीस, मीबी सुटलो."

"नोंदीत 'हाड सुरक्षित' लिहिलंय, म्हणजे तुमची बाजू साफ आहे मॅडम," वकील म्हणाला. "सद्हेतूने झालेली चूक. फार तर ताकीद मिळेल."

"आणि प्रांजल?" मी विचारलं.

"तिच्या बापाशी बोललोय मी. ऐकतोय तो माझं," जालिंदर म्हणाला. "समजूतदार माणूस हाय. काल हात जोडून उभा राहिला बिचारा."

त्या वाक्यावर माझा निर्णय झाला.

आमच्या दवाखान्यांत एक नियम आहे. कुलूप काढण्याआधी खोलीत जे बोललं जातं ते तिथलं यंत्र टिपून ठेवतं. ती ध्वनिफीत महिनाभर फक्त तंत्रज्ञाच्या ताब्यात असते, मागितल्याशिवाय मंडळ ऐकत नाही, महिन्याने पुसली जाते. माझ्या फितीत सगळं होतं. विट्याचा घड्याळवाला, अख्ख्या बॅचची कुलपं, पोतं. नऊ वर्षांपूर्वी कुलूप मी काढलं नव्हतं हे त्याच्याच तोंडून होतं. आणि त्याच्या आधी त्याचा "आई गं" होता, माझं "सॉरी सर" होतं, दुसरा "आई गं" होता, आणि मग माझ्या शांत आवाजात "टाचदुखी आहे". ऐकणाऱ्या कुठल्याही डॉक्टरला अर्ध्या मिनिटात कळलं असतं की मला चीर माहीत होती.

त्यातला सोयीचा तुकडा कापून देता येत नाही. फीत अख्खी द्यावी लागते. मी अख्खी दिली, आणि मंडळाने न विचारताच बावीस सेकंदांबद्दलही लिहून दिलं.

रणझेपला टाळं लागलं. जालिंदरला शेडमधून नेताना मी रस्त्याच्या कडेला उभी राहून पोटभर बघितलं. त्याने माझ्याकडे असं बघितलं की आता त्याला सगळं आठवत होतं, माझं नाव, माझा पाय, बॅच, सगळं. मला बरं वाटलं. फार बरं वाटलं. माझं लायसन्स कायमचं गेलं, माझ्यावरही खटला उभा राहिला, दवाखान्याची पाटी उतरली. त्याचं मला तेव्हा काही वाटलं नाही. आप्पा असते तर फीत त्यांना ऐकवली असती, एवढंच वाटलं.

त्यानंतर मी प्रांजलला भेटायला साताऱ्याला गेले. दुसरं ऑपरेशन झालं होतं. पाय उशांवर उंच ठेवलेला, आई कडेला सफरचंद कापत बसलेली. मला बघून आईने सुरी खाली ठेवली.

"मी ईश्वरी," मी म्हणाले. "सरांचं कुलूप मी काढलं होतं."

"ठावं हाय," प्रांजल म्हणाली. अठरा-एकोणीस वर्षांची पोर. आवाज अगदी सरळ. "पेपरात वाचलं. माझं लाल झालेलं तुमाला दिसत हुतं."

"हो."

"बावीस सेकंद."

"हो. बावीस."

ती छताकडे बघत काहीतरी जुळवत राहिली. "उताराला मी बावीस सेकंदांत शंभर मीटरच्या वर जाते," ती म्हणाली. "शंभर मीटर तुमी माझ्याकडं बघत हुता."

"तुझ्याकडे नाही," मी म्हणाले. "त्याच्याकडे बघत होते."

हे मी का बोलले कुणास ठाऊक. खरं होतं म्हणून बोलले असेन. प्रांजलने मान वळवून माझ्याकडे बघितलं. आईच म्हणाली, "जा बाई तुमी आता. झालं ते झालं. पोरीनं नशिबाचं भोगलं." आणि तिने, त्या बाईने, मला हात जोडले.

"आई, हात खाली घे," प्रांजल म्हणाली. "मोबाईल दे माझा."

आईने दिला. प्रांजलने तो छातीवर टेकवला आणि मला विचारलं, "तुमचं पूर्ण नाव काय?"

"ईश्वरी भगवान गलांडे."

तिने ते एकेक अक्षर लिहिलं. "ऱ्हायला कुठं?"

ती नजर मी नऊ वर्षं आरशात बघितली होती, तिला मी खोटं सांगू शकले नसते. मी तिला गाव सांगितलं, गल्ली सांगितली, घराचा नंबर सांगितला. दुसरा मजला, जिन्याच्या डाव्या हाताला. लिफ्ट नाही, हेही सांगितलं.